दोन कांदे

“आये, चार दिवस या बाईकडे राहा. शनिवारी मी न्यायला येतो,” हरेश म्हणाला आणि माझी पिशवी त्याने त्या परक्या दारात नेऊन ठेवली.

मी गाडीतून उतरलेच नाही. “चार दिवस कशाला? कायमचीच टाकून जा की. तुझी बायको नारळ फोडेल.”

“आये, बाई ऐकतेय.”

“ऐकू दे. तिला काय कळतंय?”

दारातली बाई डोक्यापासून पायापर्यंत काळी. काळा झगा, काळी शाल, डोक्याला काळा रुमाल. वय माझ्याएवढंच, पासष्टच्या आतबाहेर. दोन्ही हात कमरेवर. मी बाजारात पापलेट घेताना जशी बघते, कल्ला उचलून बघावा की पुढच्या टोपलीकडे जावं, तशी ती माझ्याकडे बघत होती. मला राग आला, पण नजर ओळखीची होती.

मी चांगुणा नाखवा. रेवदंड्याजवळच्या कोळीवाड्यातली. शाळा तिसरीपर्यंत, पुढची सगळी अक्कल बाजारात घेतली. नवरा तांडेल होता, वादळात बोटीसकट गेला, तेव्हा हरेश दहावीत होता. मी सुके बोंबील विकून त्याला शिकवलं, बोटींच्या इंजिनांचा इंजिनिअर केला, आणि तो पोर्तुगालला जाऊन बसला. तिथल्या मोठ्या शहरात तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर. मी दोन महिन्यांसाठी म्हणून गेले होते.

भांडण झालं ते बोंबलांवरून. मी सात पिशव्यांच्या आत गुंडाळून चांगले जाडे बोंबील नेले होते. एका दुपारी तव्यावर चार टाकले. अर्ध्या तासात खालची गोरी बाई नाक धरून वर आली. माझी सून, रोहिणी, दारात उभी राहून तिला सॉरी सॉरी म्हणत राहिली. मग आत येऊन तिने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मला म्हणाली, “आई, प्लीज, इथं हे नका करू.”

मी तवा तसाच बेसिनमध्ये ठेवला. “ज्या वासावर तुझा नवरा शिकला,” मी म्हटलं, “त्या वासाची तू त्या बाईजवळ माफी मागितलीस.”

त्यानंतर आठ दिवस मी त्या घरात तोंड उघडलं नाही. मग हरेशने समुद्र दाखवायचं काढलं. मला समुद्र दाखवणार! जन्म काढला मी त्याच्या काठाला. पण घरातून हलवायची ती रीत होती, हे न कळण्याएवढी मी खुळी नाही.

त्या गावाचं नाव माझ्या जिभेला कधी वळलं नाही. मच्छीमारांचं गाव, एवढं खरं. पांढरी घरं, उतरत्या दगडी गल्ल्या, आणि गल्लीच्या टोकाला एवढी मोठी लाट की आमची लाट तिच्यापुढं नात शोभेल. बाईचं नाव मात्र मला एकदाच ऐकून राहिलं. देवलिंदा. म्हटलं, देव तरी आहे नावात.

हरेश गेला. देवलिंदाने मला भाड्याने द्यायची खोली दाखवली, तिला गल्लीतून वेगळं दार. पांढरी चादर, खिडकीत जिरेनियमची कुंडी. मग तिने जेवायला बोलावलं. बशीत हिरवं पाणी, त्यात पाल्याचे दोरे.

“ही आमटी म्हणायची का गो?” मी विचारलं. “यात बोट बुडवलं तर बोटही कोरडं निघेल.”

ती हसली. काय कळलं कोण जाणे. बशी माझ्याकडं ढकलून म्हणाली, “कोम्, कोम्.” म्हणजे खा. मी मान फिरवली. मग तिने टोपलीवरचं फडकं काढलं, आतला गोळा हातात घेऊन माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, “पांव.”

मी बघतच राहिले. “काय म्हणालीस?”

“पांव.”

“पाव!” मी म्हटलं. “अगो, पावच की हा!”

तिलाही नवल वाटलं. तिने बशीतला बटाटा दाखवला. “बताता.”

“बटाटा!”

मग आम्हा दोघींना खेळच मिळाला. तिने बादली उचलली, बाल्द म्हणाली. मी बादली म्हणाले. साबणाला तिचं सबांव. मी उठून माझ्या खोलीच्या दाराची किल्ली काढून आणली आणि म्हटलं, चावी. ती टाळी वाजवून म्हणाली, “शाव्!” त्या शब्दावर तर ती इतकी हसली की रुमाल सोडून डोळे पुसावे लागले. नंतर हरेशने सांगितलं की त्यांच्या लोकांनी हे शब्द आपल्याकडं कधीकाळी आणून टाकले. त्या संध्याकाळी मला वाटलं, आमचेच शब्द कुणीतरी चोरून इथं आणलेत. हिरवं पाणी मी सगळं प्यायले. वाईट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती वासाने. तो वास मी मेल्यावरही ओळखेन. वाळूवर लाकडी चौकटी मांडलेल्या, त्यांवर जाळी ताणलेली, आणि जाळीवर मासे उभे चिरून, पुस्तकासारखे उघडून वाळत घातलेले. बांगड्याच्या नात्यातले असावेत. सात-आठ बायका, सगळ्या काळ्या कपड्यांतल्या, आपापल्या चौकटींशी. देवलिंदा मासे उलटत होती.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. एक मासा उचलून वास घेतला. “मीठ कमी पडलं.”

तिने भुवया वर केल्या.

मी मीठ चोळल्याची खूण केली, तोंड वाकडं केलं. ती ताडताड काहीतरी बोलली. शब्द कळला नाही, पण अर्थ शंभर टक्के कळला. आमच्या बाजारात रोज ऐकते मी तो. तुझं शहाणपण तुझ्यापाशी ठेव.

मला बाई आवडली.

तेवढ्यात समुद्रपक्ष्यांचा थवा उतरला, मेंढीएवढे पांढरे पक्षी. मी पदर खोचला आणि धावले. “मेल्यांनो! तुमच्या बापाने वाळवलंय काय? व्हा चालते!” पक्षी उडाले. बायका हातातलं काम सोडून माझ्याकडं बघायला लागल्या, आणि मग सगळ्या वाळूभर हसू पसरलं. त्या दिवसापासून पक्षी हाकलायचं काम माझं. देवलिंदाने आपली एक जुनी काळी शाल माझ्या अंगावर टाकली, वारा गार होता म्हणून. मी विधवा असून कधी काळं नेसले नव्हते. पण ती शाल मी काढली नाही.

दुपारी मी माझ्या पिशवीतून बोंबील काढले. सात पिशव्या एकेक करून सोडल्या. तिने वास घेतला. मी तिच्या नाकाकडं बघत होते, श्वास धरून, लाज वाटेल इतकी. तिने डोळे मिटले, परत वास घेतला आणि मान डोलावली. दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवलेले तसेच राहिले होते. आम्ही वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, तसेच जोडीने टांगतो. ती जोडी तिने बोटावर घेऊन हलवून बघितली. सुटेना. मग तिने एक बोट माझ्याकडं केलं, एक स्वतःकडं, आणि दोन्ही बोटं एकमेकांत अडकवली.

मी तव्यावर बोंबील टाकले. खिडक्या सगळ्या बंद होत्या. तिने एकही उघडली नाही.

स्वयंपाकघरात छताला कांद्याची वेणी टांगलेली होती. मी दोन कांदे तोडले. “सेबोला,” ती म्हणाली.

“सेबोला नाही गो. कांदा. कांदा म्हण.”

“कांदा.”

“शाब्बास. दोन पुरे,” म्हणून मी दोन बोटं दाखवली. ते बोंबील-कांद्याचं कोरडं कालवण तिने पावाबरोबर खाल्लं आणि बशी पावाच्या तुकड्याने पुसून काढली. माझ्या सुनेच्या घरात मला जे मिळालं नव्हतं ते मला त्या बशीत मिळालं. खोटं कशाला बोलू?

त्याच बसण्यात मी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. स्वेटर घातलेला पोरगा, पंचविशीचा, मोठे कान. खाली एक लहान दिवा. “लेक?” मी विचारलं.

देवलिंदाने हाताने लाट काढली. एक मोठी, त्यावर आणखी मोठी. मग हात उलटा केला आणि टेबलावर ठेवला. तसाच ठेवला. दहा बोटं दाखवली, वर एक. अकरा वर्षं.

मीही हात तसाच केला. लाट, मग उलटा. “नवरा,” मी म्हटलं, आणि गळ्यात जिथं मंगळसूत्र नव्हतं तिथं बोट लावलं. तिला कळलं. आम्ही दोघी दोन उलटे हात टेबलावर ठेवून बसलो.

मग ती उठून एक छापील कागद घेऊन आली. त्यावर सजवलेल्या होड्या, आणि होडीत त्यांची मेरीमाता. मला लगेच कळलं. आमची नारळी पौर्णिमा. यांच्यातही समुद्राची पूजा आहे, मिरवणूक आहे. मी तिला खुणेने विचारलं, तू जातेस? तिने मान हलवली. नाही. समुद्राकडं बोट केलं आणि तोंड फिरवलं. आता मला ध्यानात आलं की सकाळभर मासे उलटताना तिची पाठ पाण्याकडंच होती. चौकटींच्या पुढं एक पाऊलही ती गेली नव्हती.

“वेडी काय गो तू,” मी म्हटलं. “समुद्रावर रुसून कसं चालेल? माझा नवरा गेला तरी मी त्याच पौर्णिमेला नारळ घेऊन गेले. शिव्या घातल्या त्याला, पण गेले. तूही घाल शिव्या. पण जा.”

यातलं काय तिला कळणार? तरी मी तिचा हात धरला, कागदावर बोट ठेवलं, मग माझ्या छातीवर, मग तिच्या. “तू आणि मी. दोघी जाऊ.”

तिने कागदाची घडी घातली. मग बोंबलाच्या जोडीसारखी बोटं अडकवून दाखवली. तू असलीस तर.

“हां,” मी म्हटलं. “मी असले तर.”

मिरवणूक कधी आहे ते मी विचारलं नाही. मला वाटलं, होईल कधीतरी. आणि शब्द देऊन टाकला.

शनिवारी यायचा तो हरेश शुक्रवारीच आला. दारात उभा राहून म्हणाला, “आये, चल. रोहिणीने गॅलरीत वेगळी शेगडी मांडलीय तुझ्यासाठी. म्हणते, आईंना घेऊनच या.”

मला काय आनंद झाला सांगू! सून हरली, मी जिंकले. त्या आनंदात मी अशी पिशवी भरली की बोंबलांची शेवटची जोडी टेबलावरच राहिली. देवलिंदा तेवढ्यात धावत होती, पाव बांध, सुके मासे बांध, शालीची घडी घाल. शाल तिने मला देऊन टाकली.

मी चपला घातल्या. आता निघताना काहीतरी म्हणायला हवं. “हरेश, यांच्यात ‘येते’ कसं म्हणतात रे?”

तो पिशवी गाडीत टाकत होता. “व्होल्तु,” तो तिकडूनच ओरडला.

मी देवलिंदाचे हात धरले. “व्होल्तु गो बाय. व्होल्तु.”

तिचा चेहरा उजळला. तिने विचारलं, “क्वांदु?”

मला हसू आलं. दोन दिवसांपूर्वी शिकवलेला शब्द बाईने किती पाठ केला होता! एवढं बांधून दिलं, आता कांदेही देते म्हणत होती. मी दोन बोटं दाखवली. “दोन पुरे.”

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. “दुमिंगु!” ती म्हणाली. “दुमिंगु!”

आमच्या शेजारच्या कोर्लईत डुमिंग नावाचा एक बर्फवाला आहे. म्हटलं, हिच्याही कुणाचं नाव असेल. मी मान डोलावली. ती आत गेली, मला वाटलं कांदे आणायला. आली ती चावी घेऊन. माझ्या खोलीची. ती तिने माझ्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली. “शाव्,” म्हणाली.

“चावी,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याची आठवण म्हणून देते, असं मी समजले.

गाडीत मी हरेशला म्हटलं, “बाई चांगली आहे, पण विसरभोळी. कांदा विचारला, दिला नाही.”

तो रस्त्याकडं बघत होता. “हं,” म्हणाला.

रविवारी सकाळी मी गॅलरीत नव्या शेगडीपाशी राणीसारखी बसले होते. रोहिणी शेजारी उभी राहून सुकट कशी निवडायची ते विचारत होती. मी सांगत होते, पण जरा तुटकच. एवढ्यात लगेच सैल सोडून चालत नाही. पुढच्या बुधवारी माझं विमान होतं, तोवर ताठ राहायचं ठरवलं होतं.

अकराच्या सुमाराला हरेशचा फोन वाजला. तो त्यांच्या भाषेत बोलायला लागला. बोलता बोलता कपाळाला आठी पडली. फोनवर हात ठेवून त्याने मला विचारलं, “आये, देवलिंदाबाई विचारतेय, तू निघालीस का?”

“कुठं?”

“तिच्याकडं. तीन वाजता मिरवणूक आहे म्हणते. तू रविवारी येतेस असं सांगितलंस तिला.”

“मी? कधी सांगितलं? मी निघताना ‘येते’ म्हटलं. माणूस निघताना येतेच म्हणतो, जाते कोण म्हणतो?”

“अगं पण ती म्हणते, कधी येतेस विचारलं तर तू दोन बोटं दाखवलीस.”

“ती कांद्याची!” मी म्हटलं. “तिने कांदा विचारलं, मी दोन पुरे म्हटलं!”

हरेशने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, “आये, कांदा नव्हे गं. क्वांदु. क्वांदु म्हणजे कधी. आणि व्होल्तु म्हणजे परत येते. खरंच परत. दुमिंगु म्हणजे रविवार.”

रोहिणीने हसू दाबायला तोंडावर हात ठेवला, पण ते फुटलंच. हातातली सुकट ताटात सांडली. हरेशही हसला, फोन छातीशी दाबून. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसले असते. पण हसत होती ती सून. जिने माझ्या वासाची माफी मागितली होती, ती आता माझ्या अडाणीपणावर हसत होती. मला तरी तसंच वाटलं.

रोहिणीने डोळे पुसले. माझा चेहरा बघितला आणि एकदम गंभीर झाली. “आई, चला ना. मी नेते तुम्हाला. दीड तासाचा रस्ता आहे, एकपर्यंत पोचू.” ती आत गेलीसुद्धा, गाडीची किल्ली घेऊन आली. “खरंच, चला. ती वाट बघतेय.”

मी बसल्या जागेवरून हलले नाही.

चपला दारातच होत्या. उठायचं, पाय घालायचे, एवढंच. पण उठले असते तर सुनेच्या गाडीतून, सुनेच्या उपकाराने, स्वतःचा खुळेपणा कबूल करत दीड तास तिच्या शेजारी बसायचं. आणि आयुष्यभर या घरात कांद्याची गोष्ट सांगितली जाणार. मला त्या वेळी एवढंच दिसलं. टेबलावरचे दोन उलटे हात मला दिसले नाहीत.

“मी नाही जायची,” मी म्हटलं. “सांग तिला, आई आजारी आहे.”

“आये, खोटं कशाला? मी सांगतो, गैरसमज झाला.”

“म्हणजे तिथंही हसतील! सांगतोस का मी फोन घेऊ?”

त्याने सांगितलं. पलीकडून आवाज आला तो मलाही ऐकू आला. “आय, आय, आय.” त्यांच्यात हळहळताना तसं म्हणतात म्हणे. मला ते आमच्या आईला मारलेल्या हाकेसारखं वाटलं.

हरेशने फोन ठेवला. “ती म्हणाली, काळजी घे. चावी तुझ्याकडंच ठेव. ती घरात नसली तरी दार उघडून आत येता यावं, म्हणून दिली होती. बरी झालीस की ये. खोली ती दुसऱ्या कुणाला देत नाही.”

रोहिणीने गाडीची किल्ली हळूच खिळ्याला अडकवली.

त्या दुपारी मी पोटभर जेवले. भातावर दोनदा कालवण घेतलं. हे मी मुद्दाम सांगते. तीन वाजता घड्याळाकडं बघितलं, आणि नंतर त्या खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत गेले, जिथं घड्याळ नव्हतं.

बुधवारी मी परत आले. विमानतळावर हरेश म्हणाला, “एकदा फोन करायचा का देवलिंदाबाईंना?” मी म्हटलं, “घरी जाऊन निवांत करू.” घरी आले तोवर सुके बोंबील विकायचा हंगाम लागला. मग नारळी पौर्णिमा आली. त्या दिवशी मात्र पाण्यात उभी राहून मी नारळ सोडला आणि दुसरा हात रिकामा वाटला. फार रिकामा. पुढच्या उन्हाळ्यात जाऊ, खरं काय ते तोंडावर सांगू, तिच्या शिव्या खाऊ, असं मी ठरवलं. ठरवायला काय जातं?

पुढच्या उन्हाळ्यात हरेश आणि रोहिणीच त्या गावाला गेले. रोहिणीनेच आग्रह धरला होता म्हणे. संध्याकाळी हरेशने व्हिडिओवर फोन लावला. मागं तीच पांढरी गल्ली दिसत होती.

“आये, देवलिंदाबाई गेली. थंडीत. छातीत कफ झाला होता.”

मी सोडे निवडत होते. हात थांबला.

“पावाच्या दुकानातली बाई भेटली,” तो म्हणाला. “ती सांगत होती त्या रविवारचं. देवलिंदाबाई सकाळपासून बाहेरचे कपडे घालून पायरीवर बसली होती. आमचा फोन झाल्यावर आत गेली. सगळ्यांना वाटलं, आता काही ही येत नाही. आणि तीन वाजता मेणबत्ती घेऊन खाली आली. एकटी. चपला काढल्या, वाळू ओलांडली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. अकरा वर्षांनी. लोकांची वाजंत्री थांबली म्हणे.”

“लेकासाठी,” मी म्हटलं. माझ्या जिवाला जरा हलकं वाटलं. म्हटलं, माझ्याशिवाय का होईना, गेली. भेटली लेकाला.

“नाही आये.” हरेश जरा अडखळला. रोहिणीने त्याच्या दंडावर हात ठेवलेला मला दिसला, नको सांगूस असा. पण माझा मुलगा माझ्यावर गेलाय, बोलायला लागला की थांबत नाही. “लोकांनी तेच विचारलं तिला. ती म्हणाली, लेकासाठी मी या समुद्रापाशी कधीच काही मागणार नाही. माझी मैत्रीण आजारी आहे, तिच्यासाठी आलेय. त्यानंतर दर रविवारी यायची. थंडीतसुद्धा.”

फोनवर वारा वाजत होता. मागून तो पक्ष्यांचा आवाज आला. हाकलायला कुणी नव्हतं.

“ती दुकानातली बाई मला विचारत होती,” हरेश म्हणाला, “तुमची आई बरी झाली का.”

“मग काय सांगितलंस?”

“हो म्हटलं. बरी आहे.”

याला नऊ वर्षं झाली. रोहिणीने त्या रविवारचा शब्द आजपर्यंत काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. दरवर्षी फोनवर एवढंच म्हणते, “आई, या उन्हाळ्यात याल का? मी नेते तुम्हाला तिकडं.” मी म्हणते, “बघू.” आता मी कुणाच्या घरून निघताना ‘येते’ म्हणत नाही. मुकाट चपला घालते. लोक म्हणतात, म्हातारी तुसडी झाली. आधीही होतेच.

चावी माझ्या कमरेला असते, कनवटीला बांधलेली. पौर्णिमेला नारळ सोडताना ती पाण्याला लागते, गार होते. रोज पहाटे चारला उठते मी, डोक्यावर टोपली घेऊन खाडीचा चढ चढते. गुडघा दुखत नाही, श्वास लागत नाही. डॉक्टर म्हणतो, आजी, तुम्हाला काहीसुद्धा झालेलं नाही.

तेच तर तिला सांगायचं राहिलं.